काळ्या मातीत १२ मीटरचा अँटेना-मनोरा

हॅम (हौशी) रेडिओसाठी मनोरा उभारायचा म्हटला की बोलणे शेंड्यापासून सुरू होते. यागी (एका दिशेला रोखलेला, आडव्या नळ्यांचा अँटेना) कोणती, किती घटकांची, फिरवायची कशी. आम्ही काम खड्ड्यापासून सुरू केले, कारण जागा दख्खनच्या पठारावरची आणि वरचा मीटर-सव्वा मीटर थर काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तिच्यावर टेकवलेला पाया आणि तिच्यात पुरलेले स्टेचे (मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारांचे) अँकर दर ऋतूला थोडे हलतात. मनोरा कलला की लोक वाऱ्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष मातीचा आणि सैल पडलेल्या स्टेचा असतो.

१२ मीटर हा आकडा ४० मीटर बँडवरून (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवरून) आला. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्धतरंग डायपोलची (मध्यातून केबल जोडलेल्या, दोन बाहूंच्या तारेच्या अँटेनाची) लांबी १४२.६ भागिले ७.१, म्हणजे साधारण २०.१ मीटर. एकेक बाहू १० मीटरचा. मध्य ११ मीटरवर बांधून दोन्ही बाहू ४५ अंशांत खाली उतरवले की टोके जमिनीपासून सुमारे ४ मीटरवर राहतात. प्रक्षेपण चालू असताना या टोकांवर व्होल्टेज सर्वांत जास्त असते, म्हणून ती कुणाच्या हाताला लागता कामा नयेत. मनोरा बुटका घेतला तर टोके तेवढी वर ठेवण्यासाठी बाहू अधिक आडवे पसरावे लागतात आणि आवार अपुरे पडते.

कागद आधी. हौशी केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाकडून मिळतो आणि त्यात केंद्राचा पत्ता असतो. मनोरा त्या पत्त्यावरच हवा. विमानतळाच्या परिसरात उंचीची ना-हरकत लागते आणि तिथे उंची समुद्रसपाटीपासून धरतात. पुण्याची जमीनच सुमारे ५६० मीटरवर आहे. अर्जात नुसते ‘१२ मीटर’ लिहून भागत नाही, जागेची उंची अधिक १२ असा आकडा द्यावा लागतो. जागा निवडताना आणखी एक गोष्ट दोरी धरून मोजली: मनोऱ्याच्या उंचीच्या दीडपट अंतरात विजेची एकही तार नको. मनोरा पडला, उभारताना निसटला किंवा डायपोलची तार तुटून उडाली, तरी ती ११ केव्हीच्या लाईनपर्यंत पोहोचता कामा नये. ही अट पाळता येत नसेल तर जागा सोडून द्यावी, यात तडजोड नाही.

मग वाऱ्याचा हिशोब. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे: पुणे आणि पणजी सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूर ४४ मीटर. दाब काढायला वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणायचे. ३९ ला चौरस मीटरमागे ९१३ न्यूटन येतात, म्हणजे सुमारे ९३ किलो, आणि ४४ ला ११८ किलो. वेग पाच मीटरने वाढला की दाब सव्वापट होतो. आमची जागा उघड्या रानाची, म्हणून आम्ही ४४ धरला. पुढे तीन घटकांची यागी बसेल असे मानून तिचे अर्धा चौरस मीटर क्षेत्र घेतले, तर शेंड्यावर ६० किलोंचा आडवा रेटा येतो. बिनस्टेचा मनोरा असता तर एवढ्याने पायाशी ७२० किलो-मीटरचे आघूर्ण (उलथवणारा जोर) आले असते, आणि मनोऱ्याच्या स्वतःच्या अंगावरचा वारा वेगळाच. तेवढे पेलणारा स्वतंत्र उभा मनोरा खूप जड आणि महाग होतो. म्हणून तीन दिशांना, १२० अंशांवर, दोन पातळ्यांचे स्टे.

खण चार, प्रत्येक ३ मीटरचा, त्रिकोणी, बाजू ३०० मिमी. पायांना २० मिमी बोअरचा बी क्लास पाइप आणि मध्ये ८ मिमी गजाची नागमोडी. एक खण साधारण १८ किलोंचा भरतो. दोन माणसे तो सहज उचलतात. टोकांना ८ मिमीच्या प्लेटा आणि एम१२ चे बोल्ट. वेल्डरला एकच साचा जमिनीवर पक्का ठोकून सगळे खण त्यातच जोडायला लावले. पहिल्याच सांध्यात प्लेटीच्या एका कडेला ३ मिमीची फट राहिली तर वरच्या ९ मीटरांत शेंडा ९ सेंटिमीटर कलतो, आणि तो कल स्टे ओढून काढायला गेले की मनोरा धनुष्यासारखा वाकतो. वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच खण गरम जस्ताच्या टाकीत पाठवायचे. आधी जीआय (जस्त चढवलेला) पाइप आणून मग वेल्ड केले तर वेल्डजवळचे जस्त जळते, आणि नेमक्या त्या ठिकाणी, जिथे पाणी थांबते, गंज सुरू होतो. पाइपच्या दोन्ही टोकांना १० मिमीची भोके पाडून मगच पाठवावे. जस्ताची टाकी ४५० अंशांच्या आसपास असते. बंद पाइपात ओल राहिली तर तिची वाफ होऊन पाइप फुटतो. हीच भोके पुढे पाणी निथळायला उपयोगी पडतात. खालचे भोक रंगाने किंवा काँक्रीटने बुजले की पाइप आतून कुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता खड्डे. मनोऱ्याचे वजन जेमतेम ७५ किलो, म्हणून पाया लहान चालेल असे वाटते. पण स्टे मनोऱ्याला खालीही दाबतात. वरच्या प्रत्येक स्टेत २३० किलोंचा ताण ठेवला तर त्याचा उभा भाग १८० किलोंच्या घरात जातो. खालच्या स्टेचा १२५ च्या आसपास. सहा स्टे मिळून नऊशे किलोंवर. वारा नसतानाच पायावर टनभर दाब असतो. काळी माती ओली झाली की तो दाब झेलताना खचते. आम्ही मधला खड्डा मुरूम लागेपर्यंत खणला, तळाशी ३०० मिमी खडी-मुरूम कुटून घेतला आणि त्यावर ०.९ मीटर लांब, रुंद आणि खोल काँक्रीट ओतले. मधोमध बिजागरीची पायप्लेट, चार अँकर बोल्टांवर.

अँकरचे तीन खड्डे मध्यापासून ९ मीटरवर, म्हणजे उंचीच्या तीनचतुर्थांश अंतरावर. याहून जवळ घेतले तर स्टे खूप उभे होतात आणि तोच आडवा रेटा झेलायला त्यांच्यावर जास्त ताण येतो. वरच्या पातळीवर वाऱ्याचा १५० किलोंचा आडवा भार धरला तर स्टेत २४० किलो येतात आणि त्यातले १९० किलो अँकरला वर उपटू पाहतात. त्यात आधीचा ताण आणि खालचा स्टे मिळवला की ४०० ते ५०० किलो होतात. अँकरचा ठोकळा ०.७५ बाय ०.७५ बाय ०.६ मीटरचा केला, त्याचे वजन ८०० किलोंच्या वर जाते. वर दाबलेल्या मातीचे वजन हिशोबात धरलेच नाही, कारण मे महिन्यात ती भेगाळून ठोकळ्यापासून सुटलेली असते. ठोकळ्याच्या वर काळी माती परत न टाकता मुरूम भरून पाणी मारून धुम्मस केले. स्टे रॉड वीज मंडळाचे लाईनमन खांबाला वापरतात तोच, १६ मिमीचा, खाली प्लेट लावलेला. तो स्टेच्या ओळीतच तिरपा ठेवून ओतायचा. उभा ठेवला तर ताण आल्यावर जमिनीलगत वाकतो आणि वाकलेल्या जागी जस्ताचा थर तडकतो.

काँक्रीट एम२०, १ः१.५ः३. चारही खड्डे मिळून पावणेदोन घनमीटर, सिमेंट १४ गोणी. गोणपाट टाकून पाणी मारत राहिलो आणि २८ दिवस पूर्ण झाल्याशिवाय एकही स्टे ताणला नाही. इथे घाई करणारे बरेच दिसतात. काँक्रीट वरून टणक झाले की ते तयार झाले असे वाटते, पण नवा रॉड त्यात आतल्या आत ढिला होतो आणि तो दोष पुढे कधीच दुरुस्त होत नाही.

स्टे वायर ७/२.५ मिमी (२.५ मिमीच्या सात तारांची), ७०० न्यूटन ग्रेडची. तुटण्याची ताकद सव्वादोन टनांच्या पुढे, म्हणून त्याच्या दहा टक्के म्हणजे २३० किलो हा सुरुवातीचा ताण. वरचा स्टे साडेअकरा मीटरवर, लांबी १४.६ मीटर. खालचा ६ मीटरवर, लांबी १०.८. टोकांची वळणे आणि थोडी नासाडी धरून १०० मीटर तार पुरते. अखंड तार बँडच्या लहरींशी जुळली तर अँटेनाचा आकृतिबंध (कोणत्या दिशेला किती लहरी जातात तो) बिघडवते, म्हणून ती अंड्याच्या आकाराच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरने तोडायची. वरच्या स्टेत मनोऱ्यापासून अर्ध्या मीटरवर एक, तिथून ५.६ मीटरवर दुसरा, आणि खाली अँकरपर्यंत ८.५ मीटर. हे तुकडे १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झला जुळत नाहीत, मात्र २५ च्या आसपास जुळतात. १२ मीटर बँड वापरणाऱ्याने वेगळी मापे काढावीत. अंडी इन्सुलेटरमध्ये दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकलेले असावेत, म्हणजे चिनीमाती फुटली तरी स्टे सुटत नाही. फक्त दाबाखाली राहते तोवर ती मजबूत असते, उलटी ओवली तर ताणाने फुटते.

टोकाला थिंबल (तारेच्या फासात बसणारी खोबण) आणि तीन यू-क्लिपा. क्लिपेचे खोगीर ताण घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर बसवावा. उलटे बसवले की बोल्ट मुख्य तारेला चेमटतो आणि ती तिथेच तुटते. ताण दिल्यावर तार थोडी बारीक होते, म्हणून दुसऱ्या दिवशी क्लिपा पुन्हा आवळल्या. टर्नबकल (स्टे आवळायचा फिरवता स्क्रू) उघड्या आकड्याचे घेऊ नये, दोन्ही टोकांना बंद डोळा किंवा पिनेचा जबडा असलेले घ्यावे. आणि आवळून झाल्यावर त्याच्या पोटातून इंग्रजी आठच्या आकारात तार ओवून टाकावी. वाऱ्याने स्टे थरथरतो आणि टर्नबकल आपोआप उलटे फिरते. ओवलेली तार त्याला अडवते, शिवाय येणारा-जाणारा हौसेने फिरवू शकत नाही.

उभारणी सकाळी, वारा पडलेला असताना. मनोरा जमिनीवर आडवा जोडून बिजागरीला लावला. बिजागरीपाशी ४.५ मीटरचा खांब काटकोनात उभा केला, त्याच्या टोकावरून दोर मनोऱ्याला ७ मीटरवर बांधला. सर्वांत जास्त ओढ अगदी सुरुवातीला लागते, साधारण ११० ते १२० किलो. मनोरा वर जाईल तशी ती कमी होते. कप्प्यांनी तिचा तिसरा हिस्सा केला की दोन माणसे पुरतात. धोका शेवटी असतो: उभा होता होता मनोरा ओढणाऱ्यांच्या अंगावर यायला लागतो, म्हणून मागून एक दोर सैल सोडत धरणारा माणूस आधीपासून नेमलेला हवा. १२० अंशांवरचे स्टे उभारताना बाजूचा तोल धरत नाहीत, कारण त्यांचे अँकर बिजागरीच्या आसाच्या रेषेत नसतात आणि मनोरा उठताना त्यांची लागणारी लांबी बदलत जाते. त्या रेषेत दोन्ही बाजूंना तात्पुरत्या मेखा ठोकून त्यांना वेगळे दोर बांधले. एकच माणूस हुकूम देतो, बाकीचे गप्प. मनोऱ्याच्या लांबीएवढ्या वर्तुळात कुणीही विनाकारण उभे राहत नाही.

उभा झाल्यावर आधी खालचे तीन स्टे, मग वरचे, ओळंब्याने दोन बाजूंनी बघत थोडे थोडे आवळले. ताण मोजायचे यंत्र नसेल तरी मोजता येतो. स्टेला खाली एक झटका द्यायचा. लहर वर जाऊन परत हाताशी येते. अशा १० फेऱ्यांना लागणारा वेळ घड्याळावर बघायचा. आमच्या वरच्या स्टेला २३० किलोंना ३.२ सेकंद येतात. ४.५ सेकंद लागले तर ताण निम्म्यावर आलेला असतो, कारण तो वेळेच्या वर्गाच्या उलट बदलतो. मधल्या इन्सुलेटरमुळे आकडा थोडा हलतो, म्हणून तिन्ही स्टे एकमेकांशी जुळवणे जास्त महत्त्वाचे.

डायपोलला घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिमी तार वापरली. पीव्हीसी आवरणामुळे तारेतला वेग कमी होतो आणि सूत्राने काढलेली लांबी दोन-तीन टक्के जास्त भरते. उतरत्या बाहूंमुळेही अनुनाद (अँटेना जुळतो ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो. तरीही प्रत्येक बाहू ३० सेंटिमीटर जास्तच कापला आणि नॅनोव्हीएनए (अँटेना कुठे जुळतो ते दाखवणारे छोटे यंत्र) लावून दोन्हीकडून सारखा कमी करत आणला. कापण्याऐवजी टोक दुमडून तारेवरच गुंडाळले तर पुन्हा उलगडता येते. मध्यावर एफटी२४०-४३ या फेराइट कड्यावर कोॲक्सचे (रेडिओकडे जाणाऱ्या केबलचे) १२ वेढे, नाहीतर केबलची जाळीच तिसरा बाहू बनते आणि घरातला गोंगाट रिसीव्हरमध्ये आणते. टोकाला बाजारातली पिवळी पॉलिप्रॉपिलीन दोरी बांधू नये. उन्हात तिची पूड होते. काळी पॉलिएस्टर दोरी टिकते.

केबल ७ मेगाहर्ट्झला कोणतीही चालते: ३० मीटर आरजी-५८ मध्ये एखाद-दीड डेसिबल जातो. १४५ मेगाहर्ट्झला मात्र तीच केबल साडेपाच डेसिबल खाते, ५० वॅटचे अँटेनापाशी १४ राहतात. आरजी-२१३ मध्ये २७ पोहोचतात. कनेक्टर पीएल-२५९ पाणी अडवत नाही. आधी पीव्हीसी टेप, त्यावर ताणून सेल्फ-अमाल्गमेटिंग (आपोआप एकजीव होणारा) टेप, त्यावर पुन्हा पीव्हीसी, आणि गुंडाळी खालून वर, कौलांसारखी, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, त्याच्या तळातून पाणी गळून पडते.

अर्थिंगसाठी मनोऱ्याच्या तिन्ही पायांपासून २५ बाय ३ मिमीच्या जीआय पट्ट्या काढल्या, त्यांच्या टोकांना तीन-तीन मीटरचे रॉड, आणि हे सगळे घराच्या अर्थिंगशी जमिनीतून जोडले. ही जोडणी नसेल तर वीज पडल्यावर दोन अर्थिंगमधला व्होल्टेजचा फरक रेडिओमधून वाट काढतो. सर्ज अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीत वळवणारा) केबल घरात शिरते तिथेच. काळी माती ओली असताना उत्तम अर्थिंग देते, पण विजांचा वळीव येतो एप्रिल-मेमध्ये, नेमका माती कोरडी पडून रॉडपासून सुटलेली असते तेव्हा. म्हणून मार्चअखेरपासून रॉडच्या खड्ड्यांत पाणी टाकत राहावे. कोकणात जांभ्यात हा प्रश्न बारमाही आहे, तिथे रॉडऐवजी लांब पट्ट्या आडव्या पुराव्या लागतात. अरेस्टर असला तरी वादळ दिसताच केबल काढून घराबाहेर टाकणे हाच खरा उपाय.

देखभाल वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि दिवाळीनंतर. चढण्याआधी ट्रान्समीटरची वीजच काढायची. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन लॅनयार्ड (अडकवायचे दोर), म्हणजे एक सोडताना दुसरा अडकलेला असतो. हेल्मेट वरच्याने घालायचे तसे खालच्यानेही. पाने दोरीने कमरेला बांधलेले. स्टे सैल करून कधीही चढायचे नाही.

मेमध्ये माती आकसून स्टे सैल झालेले मिळतात. ते त्याच वेळी २३० पर्यंत खेचले तर पावसात माती फुगल्यावर ताण भलताच वाढतो. म्हणून मेमध्ये २०० च्या आसपास ठेवतो आणि दिवाळीनंतर परत जुळवतो. समुद्राकाठी हे चक्र नाही, पण खारी हवा क्लिपा आणि टर्नबकल आधी खाते. तिथे ग्रीस दर फेरीला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तशा वादळाचा इशारा मिळाला तर यागी आणि डायपोल उतरवून ठेवावेत. स्टेवरचा मोठा भार तेवढ्याने कमी होतो. अॅल्युमिनियमच्या बूमला तांब्याची तार थेट बांधलेली असेल तर अॅल्युमिनियम पहिल्या पावसाळ्यातच पांढरी पूड सोडते, मध्ये स्टेनलेसचा वॉशर हवा. संक्रांतीनंतर मांजाही सोडवावा लागतो. काचेचा मांजा दोरी कापतो.

एसडब्ल्यूआरच्या (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या मापाच्या) नोंदी वहीत तारखेसह ठेवाव्यात. अनुनाद हळूहळू खाली सरकत असेल तर तांब्याची तार लांबली आहे. अचानक वर उडाला तर बाहू तुटला. आणि सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर एकाएकी सुधारला तर आनंद मानू नये, केबलमध्ये पाणी शिरले आहे. वाढलेल्या नुकसानीत परावर्तित शक्ती वाटेतच जिरते, म्हणून मीटर चांगले दाखवतो. अशा वेळी वरच्या टोकाचा कनेक्टर कापायचा आणि आवरण सोलून जाळी बघायची. ती काळी पडली असेल तर अर्धा-अर्धा मीटर कापत जायचे. चकाकते तांबे लागले तर तिथे नवा कनेक्टर. दोन-तीन मीटर कापूनही काळीच निघाली, तर सगळी केबल बदलायची.